लाकूड कोरायला शिकताना : फोंड्याकडचा आमचा सुतारकाम क्लब

अंत्रुजी

मागे एका प्रतिसादात क्लबचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून व्यनि (खासगी निरोप) येताहेत : काय शिकवतात, हत्यारं कुठली घ्यायची, नवख्याला जमेल का. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहितो. मीही शिकाऊच आहे, तेव्हा जाणकारांनी भर घालावी, गरज पडल्यास कान धरावा.

क्लब म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. फोंडा तालुक्यात एका जुन्या घरामागची मंगलोरी कौलांची लांब पडवी, तिच्यात भक्कम मेजं, मेजांना शेगडे (तुकडा घट्ट पकडून ठेवणारे), एक बँडसॉ म्हणजे पट्ट्याची यंत्रकरवत आणि भिंतीवर टांगलेल्या करवती. रविवारी सकाळी सुरू होतं ते जेवणवेळेपर्यंत. वर्गणी भरा, हत्यारं वापरा, लाकडाचे पैसे वेगळे. बहुतेक सभासद कपाटं-खुर्च्या करणारे. आम्ही कोरीव कामवाले एका टोकाला बसतो, कारण तिथे खिडकीतून उजेड आडवा येतो. ती जागा भांडून मिळवलेली आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली उठावाचं काम दिसतच नाही. आडव्या उजेडात एका मिलिमीटरचा चढउतारही सावली टाकतो, आणि कोरणाऱ्याला पाहायची असते ती सावलीच.

शिकवणारे मेस्त वयाने बरेच मोठे, घराण्याने च्यारी, म्हणजे पिढीजात सुतार. देवळांचे दरवाजे, चौकटी, रथाची दुरुस्ती यात आयुष्य गेलेलं. नवीन माणूस येतो तेव्हा त्याच्या मोबाईलमध्ये गणपतीचा फोटो असतोच. 'हे करायचंय.' मेस्त फोटो नीट बघतात, बरा आहे म्हणतात, मोबाईल परत देतात आणि धार लावायचा दगड पुढे सरकवतात. 'धार ना जाल्यार लांकडाक हात लावचो न्हय.' इथे बरेच जण गळतात. राहतात ते टिकतात.

धारेवर इतका वेळ का, हे मला लाकडावर हात चालायला लागल्यावरच कळलं. पटाशीचं टोक उजेडात धरा. काठावर चमकणारी बारीक रेघ दिसली तर तिथे धार नाही. बोथट काठच उजेड परत फेकतो, खरी धार दिसत नाही. कोरायच्या पटाशीचा उतार साधारण २० ते २५ अंशांचा. मऊ लाकडाला कमी, सागासारख्या कठीणाला थोडा जास्त. महागडे जपानी दगड नसले तरी अडत नाही. जाड काचेवर ४००, मग १०००, मग २००० नंबरचा वॉटरपेपर पाण्याने चिकटवायचा, आणि शेवटी फळीवर चिकटवलेल्या चामड्याला हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून त्यावर पटाशी मागे ओढायची. मागेच. पुढे ढकलली तर चामडं कापलं जातं. गोल पटाशी मनगटातून फिरवत ओढावी लागते, नाहीतर मधला भाग झिजून कोपरे कानासारखे वर राहतात. हातावरचे केस कापले जातात का ही परीक्षा मेस्तांना मान्य नाही. मऊ लाकडावर रेष्यांना आडवा छेद द्यायचा. छेद चकचकीत आला तर धार, पांढुरका आणि चुरगळलेला आला तर परत दगडावर. काम चालू असतानाही दर दहा-पंधरा मिनिटांनी चामड्यावर चार हात मारायचे, धार जाण्याची वाट बघायची नाही.

त्यानंतर सरावाची फळी. एक वर्तुळ काढायचं आणि त्याची रेघ कोरायची, बस. वर्तुळाच्या एका पाव भागात पटाशी लोण्यातून जावी तशी जाते, शेजारच्या पाव भागात तीच पटाशी त्याच हाताने रेषे उपटते. म्हणजे एका वर्तुळात चार वेळा दिशा बदलायची. लाकूड नेहमी उतरत्या रेष्यांच्या दिशेने कापायचं, हे वाक्य कुठल्याही पुस्तकात मिळेल. हाताला ते कळायला वर्तुळच लागतं.

गोल पटाश्यांना नंबर असतात. इंग्लंडातल्या शेफील्डच्या यादीतले हे नंबर आता बऱ्याच कंपन्या वापरतात : ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्धवर्तुळ, मधल्या सगळ्या छटा. पानाचा किंवा पाकळीचा काठ रेघेवरून ओढत कापायचा नसतो. त्या गोलाईला जुळणारी पटाशी उभी धरायची आणि मोगरीचा एक ठोका द्यायचा, काठ आपोआप नेमका येतो. म्हणून जुन्या कामातली नक्षी एकसारखी दिसते. कारागिराकडे ज्या गोलाया होत्या त्यांतूनच ती बेतलेली असते. सुरुवातीला ३, ५, ७, ९ नंबरची एकेक आणि एक व्ही आकाराची, एवढी हत्यारं पुरे. पंचवीस नगांची चकचकीत पेटी अजिबात घेऊ नका, त्यातल्या वीस हत्यारांना कधी धारही लागत नाही.

उठावाच्या कामाचा क्रम असा : चित्र उतरवायचं, व्हीने बाहेरून रेघ मारायची, पार्श्वभूमी खाली न्यायची, मग मोठे चढउतार, आणि शिरा-डोळे-नखं सगळ्यात शेवटी. नवख्याचा जीव डोळ्यांत अडकलेला असतो आणि मेस्तांचा पार्श्वभूमीत. ती एका पातळीला आली की वरचं काम निम्मं झालं असं ते धरतात. पॉलिश पेपर शेवटपर्यंत निषिद्ध. त्याचे कण लाकडात रुततात आणि नंतर पटाशीची धार खातात. माझं मत विचाराल तर शेवटीही लावू नये. धारदार पटाशीच्या खुणा तशाच राहिलेल्या कामात जी जान असते, ती घासून गुळगुळीत केलेल्यात नसते.

लाकूड : नवख्यांना आमच्याकडे शिवण देतात. दशमुळातली गंभारी ती हीच. मऊ, फिकट, वाळताना फारशी वेडीवाकडी न होणारी. नंतर फणस. ताजा कापलेला फणस हळदीसारखा पिवळा असतो, उजेडात हळूहळू तांबूस-तपकिरी होतो. त्याच्या लाकडाच्या ढलप्यांतून आग्नेय आशियातले बौद्ध भिक्षू चीवरं रंगवत आले आहेत आणि तंजावरची वीणा फणसाचीच असते. तुमच्या कोनाड्यातली पिवळी मूर्ती तांबूस पडली म्हणून घाबरू नका, फणसाचं तसंच होतं. साग सुंदर, पण त्यात सिलिका असते, धार भराभर जाते. शिसवीला अजून हात लावू दिलेला नाही.

आणि क्लबची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बघायला जाणं. जुन्या गोव्यात आम्ही सगळे लहानपणापासून गेलेलो असतो. फेस्ताला, पाहुणे घेऊन, शाळेच्या सहलीला. मेस्तांबरोबर जाणं वेगळं. बॉम जेझू चर्चच्या बांधकामाला १५९४ मध्ये सुरुवात झाली, १६०५ मध्ये ते पवित्र केलं गेलं, हे फलकावर वाचता येतं. मेस्त मात्र प्रवचनाच्या कोरीव लाकडी मंचापाशी थांबवतात आणि विचारतात, हा चेहरा कोरताना पटाशी कुठून आत गेली असेल? मुख्य वेदीवरचं सोनं तर थेट लाकडावर नसतंच. खाली खडू आणि सरसाचा पांढरा लेप, त्यावर लाल मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग तो घोटलेला. लेपाने खाचा भरतात, म्हणून कोरणाऱ्याने त्या मुद्दाम खोल ठेवायच्या. से कॅथेड्रलच्या वेदीवर संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत, ते असं बघायला लागलो की मान दुखेपर्यंत बघावंसं वाटतं. तिथून म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळातले कोरीव लाकडी खांब. वेल तोच, हात वेगळा. गोव्यातल्या काही जुन्या चर्चमध्ये प्रवचनाच्या मंचाला खालून नागिणींसारख्या आकृत्या आधार देताना दिसतात. त्या कोणाच्या हातच्या असतील, ते वेगळं सांगायला नको.

तुमच्याकडे कुठलं लाकूड वापरता, तेही लिहा.

वेंगुर्लेकरीण

मस्त लिहिलंय. आमच्याकडे सावंतवाडीत चितारआळीतली खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची. हलकं, मऊ, रंग छान धरतं. नवख्यांना पांगाराच का देत नाहीत?

अंत्रुजी

@वेंगुर्लेकरीण, हेच मी मेस्तांना विचारलं होतं. पांगारा इतका मऊ की धार थोडी जरी कमी पडली तरी रेषे कापले न जाता दबतात, आणि नवख्याची धार कमीच असते. शिवाय बारीक काठ टिकत नाही. तुमच्याकडच्या लाकडी फळांना आणि खेळण्यांना ते चालतं, कारण वरून रंग येतो आणि आकार गोलसर असतात. आमच्या कुंकळ्ळीचे चितारी लाखेचं काम करतात, त्यातही लाकूड कातून वर लाख बसते, बारीक खाचा नसतातच.

सांगलीकर

ऑनलाइन बारा नगांचा सेट मिळतोय, लाकडी डबा, वर 'प्रोफेशनल' लिहिलंय. घेऊ का? गोव्याला येणं काही जमणार नाही.

च्यारी_घरचा

नका घेऊ. गावातल्या लोहाराकडे जुनी कानस द्या. कानशीचं पोलाद चांगलं असतं. तो ती तापवून नरम करील, दात घासून काढील, आकार देईल आणि परत कडक करील. कडक केल्यावर मंद आचेवर काठ फिकट पिवळा होईपर्यंत पाणी, म्हणजे जास्तीचा कडकपणा, उतरवायला सांगा, नाहीतर पहिल्याच गाठीवर काठाचा तुकडा उडेल. आमच्या घरात सगळ्या पटाश्या अशाच झाल्या.

आता धाग्याबद्दल. लेख चांगला आहे, पण थोडं कडू लिहितो. आजोबांनी देवळांची कामं केली, रोजावर. वडिलांनी घर चालवायला शेवटी बांधकामावर शटरिंगच्या फळ्या ठोकल्या. मी आयटीआय करून वेर्ण्याला कंपनीत. आता बँकेतून निवृत्त झालेले लोक वर्गणी भरून तेच शिकतात, आणि 'हँडक्राफ्टेड' म्हणून एक चमचा ज्या भावाला विकतात त्यात आजोबांची आठवड्याची मजुरी निघाली असती. तुम्ही शिकू नका असं म्हणत नाही. पण मेस्तांना क्लब काय देतो, ते लेखात कुठे आलं नाही.

अंत्रुजी

@च्यारी_घरचा, प्रश्न रास्त आहे. आकडा त्यांचा आहे, मी इथे टाकणार नाही. पण वर्गणीतला मोठा वाटा त्यांना जातो. शिवाय क्लबात काम मागायला आलेलं गिऱ्हाईक थेट मेस्तांकडे पाठवायचं, सभासदाने मध्ये दलाली करायची नाही असं ठरलेलं आहे. यातून तुमच्या वडिलांच्या शटरिंगचं उत्तर मिळत नाही, हेही कळतं.

डिचोलकर

मुळात मागणीच कुठे आहे हो? आमच्या भागातल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, दरवाजे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कोरून आले. कुणाला फरक कळला? दिसायला छान आहेत. पैसे वाचले, वेळ वाचला. उगाच हाताचं ते सोनं म्हणायचं.

च्यारी_घरचा

फरक कळतो, बघायचं ठरवलं तर. यंत्राचं बिट गोल फिरतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात ते टोकापर्यंत पोचत नाही, बारीक गोलाई राहते. आणि साध्या तीन अक्षांच्या यंत्राचं बिट फक्त वरून खाली येतं, त्याला पानाच्या काठाखालून पोखरता येत नाही. दरवाजाजवळ जाऊन पानाच्या काठाखाली नख घालून बघा. हाताचं काम असेल तर नख आत जाईल, खाली काळी सावली असेल. यंत्राचं असेल तर भिंतीसारखा उभा काठ. दहा फुटांवरून आजोबांचं पान सुटं दिसायचं ते त्या पोखरण्यामुळे.

आणि पैसे वाचले म्हणता, ते कुणाचे?

डिचोलकर

देवस्थानचे. वर्गणीचेच ते. तुम्ही रागावलात. माझा रोख तुमच्या घरावर नव्हता. नख घालून बघतो, खरंच.

अबोली

मी मडगावची. दोन प्रश्न. क्लबात बायका येतात का? आणि दवलो (लाकडी डाव) करायला कुठलं लाकूड? आमच्याकडे कापलेला काजूचा बुंधा पडून आहे.

अंत्रुजी

@अबोली ताई, येतात. सगळ्यात बारीक हात एका ताईंचा आहे, त्या आधी रांगोळीचे साचे कोरायच्या. मोठी पटाशी जोराने मारावी लागते हा गैरसमज आहे. मोगरी हलकी असली आणि धार असली की मनगटही पुरतं.

काजू नको. साल सोलताना चीक निघतो, कपड्यावर पडला तर डाग जात नाही, आणि काजूच्या बियांच्या टरफलातलं तेल ज्यांच्या हाताला लागलंय त्यांना फोड माहीत आहेत. शिवाय काजूच्या खोडाला आतून पोखरणारी अळी लागलेली असते, बुंधा फोडला की कळेल. दवल्याला फणस किंवा आंबा बरा. पेरूची जाड फांदी मिळाली तर उत्तम, लाकूड घट्ट आणि बारीक रेष्यांचं. फक्त फांदीचा गाभा कामात येऊ देऊ नका. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आखडतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आखडतं. या ओढाताणीत गाभ्यापासून चीर पडणारच. म्हणून फांदी मधोमध उभी फोडायची, गाभा काढून टाकायचा आणि दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग लावून सावलीत ठेवायची. टोकांतून पाणी सगळ्यात भराभर जातं, चिरा तिथूनच सुरू होतात.

गावचा_डॉक्टर

लाकूड निवडताना एक भर घालतो. आपल्याकडे रानात काजरा मुबलक. त्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन हे विष काय करतं ते सगळ्यांना ऐकून तरी माहीत आहे. स्वयंपाकाच्या कुठल्याही वस्तूसाठी काजरा, कण्हेर आणि बिब्ब्याच्या जातीचं कुठलंही झाड, या वाटेला जाऊ नका. झाड ओळखता येत नसेल तर ते लाकूड दवल्याला वापरू नका, इतकं साधं.

दुसरं, बोटं. आमच्याकडे येणाऱ्या जखमांत धारदार हत्याराची जखम त्यातल्या त्यात बरी, सरळ शिवता येते. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, ते निसटतं, आणि जखम खोल आणि फाटलेली होते. तुकडा नेहमी शेगड्यात किंवा शिकंज्यात पकडा, दोन्ही हात धारेच्या मागे. एका हातात तुकडा आणि दुसऱ्या हातात चाकू घेऊन कोरणार असाल तर अंगठ्याला चामड्याची टोपी घाला. जाळीचा कापरोधक हातमोजा घसरत्या काठाला अडवतो, टोचणाऱ्या टोकाला नाही. कापल्यावर बोट वाकत किंवा ताठ होत नसेल, किंवा पुढे बधिर झालं असेल तर पट्टी बांधून घरी बसू नका, स्नायूबंध किंवा नस तुटलेली असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

तिसरं, सगळ्यात दुर्लक्षित : धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातलं आहे. पटाशीने कोरताना ढलप्या पडतात, धूळ फार कमी. धूळ करतो तो पॉलिश पेपर आणि बँडसॉ. अंत्रुजींच्या मेस्तांचं पॉलिश पेपरशी वाकडं आहे ते फुफ्फुसांच्या दृष्टीनेही योग्यच.

माजी_वनरक्षक

लाकूड कुठून आणता यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गोव्यात स्वतःच्या परसातलं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते, १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. 'पडलंय की आमच्याच भाटात (बागायतीत)' म्हणून ट्रकात घालून निघालात तर वाटेत कागद विचारले जातील. शिसवीबद्दल आणखी कडक राहा. शिसव ज्यात मोडते ती डालबर्जिया ही जवळजवळ सगळी प्रजाती २०१७ पासून धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साईट्स करारात दुसऱ्या परिशिष्टात आहे. छंदासाठी नवी शिसव हवीच कशाला?

सगळ्यात चांगलं लाकूड जुन्या घरांत आहे. घरं मोडतात तेव्हा तुळया, खिडक्या, दरवाजे भंगाराच्या भावात जातात. कित्येक दशकं वाळलेला साग आणि फणस. फक्त करवत लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेले खिळे असतात, एका खिळ्याला पटाशीचा काठ जातो.

राज्याचं झाड म्हणून मिरवणारी आपली माट्टी, म्हणजे ऐन, कोणी कोरत नाही वाटतं?

अंत्रुजी

दादा, परवानगीचा मुद्दा महत्त्वाचा, मूळ लेखात यायला हवा होता असा. क्लबात घरमोडीचंच लाकूड जास्त येतं. माट्टी जड आणि रेषे एकमेकांत गुंतलेले, कुठल्याही दिशेने गेलं तरी कुठेतरी उपटतात. खांबाला, वाशाला मेस्त तिची स्तुती करतात. नक्षीचं नाव काढलं की मान हलवतात.

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' नावाचा प्रकार गावोगावी आहे. मुळात निवृत्त पुरुषांचा एकटेपणा घालवायला सुरू झालेली सुतारशाळाच म्हणा. कोरीव काम शिकवणारे थोडे, पण हत्यारं भरपूर. माझा अनुभव असा की शिकणं घडतं ते शेजारच्या मेजावरचा माणूस 'हे असं धर' म्हणतो तेव्हा. व्हिडिओत पटाशी दिसते, मनगटाचा कोन दिसत नाही.

@सांगलीकर, हत्यारं विकत घ्यायच्या आधी तुमच्या गावात सुतार आहे का बघा. चहा पाजा, बसा.

सांगलीकर

आहे की! गणपती पेठेत एक काका चौरंग-पाट करतात. लोहाराचंही विचारतो. सेट रद्द.

अबोली

अंत्रुजी, दवल्याला शेवटी तेल कुठलं? आमच्या आजी खोबरेल चोळायच्या.

अंत्रुजी

आजींचं चुकत नव्हतं, त्या रोज वापरायच्या आणि रोज चोळायच्या. खोबरेल वाळत नाही, आत ओलंच राहतं. वस्तू न वापरता ठेवली तर वास मारायला लागते. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूने घट्ट होतं, पण कच्चं असेल तर वेळ खूप घेतं. पातळ हात, पुसून काढायचं, उन्हात ठेवायचं, परत. हार्डवेअरच्या दुकानात 'बॉईल्ड' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा धातूंची सुकवणारी रसायनं असतात, ते हुमणात (माशाच्या आमटीत) बुडणाऱ्या दवल्याला नको. भिंतीवरच्या पॅनेलला चालेल.

आणि हे सगळ्यांसाठी : जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. लाकडाच्या भुश्याने भरलेल्या पडवीत याला गंमत समजू नये.

वेंगुर्लेकरीण

पावसाचं कोणी काही लिहिलं नाही. आमच्याकडे जूनमध्ये पटाश्या गंजतात आणि कोरलेल्या तुकड्यावर पांढरी बुरशी. तुम्ही काय करता?

च्यारी_घरचा

शिलाई मशीनचं तेल. काम संपलं की फडक्याने पातळ हात, पेटीत वर्तमानपत्राऐवजी कोरडं सुती कापड. वर्तमानपत्र ओल धरतं. आमच्याकडे पेटीत कापूरही ठेवायचे. किती उपयोग होतो कोण जाणे, पेटीला वास छान यायचा.

कोरलेला तुकडा भिंतीला चिकटून टांगू नका, मागे दोन बोटं हवा राहू द्या. भिंतीकडची बाजू ओल पिते, पुढची नाही, म्हणून फळी भिंतीकडे फुगते. अर्धवट काम पावसात उघडं ठेवायचं नाही, त्याच्याच ढलप्यांत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं आणि अधूनमधून पिशवी उलटी करायची. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने नको.

डिचोलकर

देवळात जाऊन आलो. नख गेलं नाही. बाजूला जुन्या दरवाजाची एक फळी टेकवून ठेवलीय, तिथे गेलं. ती फळी सध्या छत्र्या ठेवायला वापरतात.

च्यारी_घरचा

समितीला विचारा देतील का. नाही म्हणाले तर निदान छत्र्या हलवायला सांगा. ओल्या छत्रीच्या पाण्याने टोकाकडून कुजायला लागेल.

डिचोलकर

सांगतो. सचिव ओळखीचे आहेत.

अंत्रुजी

मिळाली तर क्लबात घेऊन या, मेस्त बघतील. टोक कुजलं असेल तर तेवढं कापून त्याच जातीचं लाकूड जोडता येतं, कोरीव भागाला हात लावायची गरज पडत नाही.

बाकीच्यांसाठी सूचना : चतुर्थीच्या आधी मेस्त घरोघरच्या माटोळ्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटी) आणि मखरांच्या चौकटीत अडकलेले असतात, तेव्हा क्लब बंद. नवे सभासद त्यानंतर घेऊ. पत्ता इथे टाकत नाही, घर दुसऱ्याचं आहे. व्यनि करा. 'शनिवार-रविवार गोव्याला येतोय, दोन दिवसांत गणपती करून नेता येईल का' असे व्यनि मात्र कृपया करू नका, तीन आलेत.